हवेचा दाब चुकला

डॉक्टरांच्या दाराबाहेर सासू-सून बसल्या होत्या. सासूचा मुलगा आत तपासून घेत होता. शेजारच्या खुर्चीतल्या शिंप्याने ऐकायचं नाही म्हणून मान वळवली, पण कान काही वळेनात.

"हात जरा थरथरतो, त्यात एवढं काय गं? चहाचा कप धरतो की दोन्ही हातांनी."

"आई, कप वेगळा. ते काचेच्या नळ्या रचतात. जाड नळीच्या आत, कडेकडेने, सुईसारख्या बारीक. मधे पोकळी सोडायची."

"ते ठाऊक आहे मला. मग तू ते भट्टीत तापवून ओढतेस."

"हो. केसाएवढी तार होते, तरी आतली रचना तशीच राहते. प्रकाश त्या पोकळीतूनच जातो. एक नळी जरी सरकली, तरी सगळी तार भंगारात."

"मग सरकते का?"

"उन्हाळ्यापासून. तार कापून मायक्रोस्कोपखाली धरली की दिसतं."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, भट्टीवर ओढताना नळ्यांत सोडतो त्या हवेचा दाब माझ्याकडून चुकला, म्हणून नळ्या हलल्या."

"अगं वेडे! स्वतःवर घेतलंस? निदान नवऱ्याला तरी खरं सांगायचंस."

"जीभच रेटली नाही."

"मग तो काय म्हणतो?"

"काल जेवताना त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचाच थरथरत होता, आई. म्हणाले, 'मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात पुन्हा बसेपर्यंत मी आहे ना.'"