दोन खिडक्या, एक पत्ता

सिविक सेंटरच्या बँकेतल्या रांगेत सगळ्यात पुढं, खिडकीशी तेजराम उभे होते, स्टील प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून नुकतेच रिटायर झालेले. त्यांची बायको सिंधुताई शेजारच्या खिडकीवर होती. दोघांकडं एकाच खात्याचा पत्ता बदलायचा अर्ज होता.

“अंकल, आपका खाता तो लॉक दिखा रहा है,” खिडकीतला कारकून तेजरामना म्हणाला.

“सिंधू, घाबरू नको! मशिनी चार असू दे, नोंद सगळ्यायची एकच. एक जण लिहून राहिला का बाकीच्यायले कुलूप. तीस वर्षं हेच केलं म्या.”

“मंग मीच लिहून राहिली ना इकडं.”

“तू? तुले तं नुसतं नंबर धरायले उभं केलं होतं!”

“नंबर लागला, म्हणून अर्ज देऊन टाकला. आपल्या पोराचा, शुभमचा पत्ता लिहिला, नागपूरचा.”

“अवं, आपलं इथंच बोरसीच्या घरी राहाचं ठरलं होतं ना?”

“तुमचं ठरलं होतं. मले कोणी विचारलं?”

“अर्ज मागं घे.”

“नाई घेत. दोघंही अडून बसले तं तुमची मशीन काय करते?”

“एकाले मागं हटवते.”

“मंग हटा.”