घोड्याचं नाव

भाची : नाव सांग. पेन्सिलीला टोक करून बसलेय मी कधीची.

मामा : कुणाचं नाव?

भाची : आपल्या खेळातल्या तुझ्या काउबॉयचं. टोपी, कमरेला पिस्तूल, धुळीतनं घोड्यावर येणारा. वीस वर्षं दर रविवारी या टेबलावर बसून आम्हाला कागदावर असली माणसं बनवायला लावलीस, आणि आज विचारतोस कुणाचं.

मामा : मी सूत्रधार. गाव रचायचं, डाकू सोडायचे, तुमचे फासे मोजायचे. माझा स्वतःचा माणूस कधी नव्हताच.

भाची : म्हणून तर. आज सूत्रधार मी.

मामा : भर दुपारी, ऑफिस सोडून, हे करायला आलीस?

भाची : रजा टाकली. नाव?

मामा : लिही, म्हातारा.

भाची : हे नाव नव्हे, तक्रार आहे. पण चालेल. धंदा?

मामा : कुलूपवाला.

भाची : तुझा खरा धंदा नको. खेळातला सांग.

मामा : का, तिकडे कुलपं नसतात? बँकेला तिजोरी असते, तुरुंगाला दार असतं. कुलूपवाला. हात थरथरतात म्हणून दुकान बंद.

भाची : बरं. वैगुण्य, हात थरथरतात. आता एक गुण.

मामा : तो राहू दे कोरा.

भाची : नियमांच्या वहीत तुझ्याच अक्षरात आहे. 'गुणाशिवाय माणूस खेळात घेऊ नये.'

मामा : मग नको घेऊस.

भाची : मामा.

मामा : बरं बाई, शब्दाला शब्द नको. लिही, कुणाला त्रास देत नाही.

भाची : हा गुण झाला?

मामा : या वयात एवढाच उरतो.

भाची : लिहिलं. घोडा?

मामा : असेल एखादा.

भाची : त्याचं नाव?

मामा : एका फेरीपुरत्या घोड्याला कसलं आलंय नाव.

भाची : मामी असती तर कागद फाडला असता. आधी घोड्याचं नाव, मग स्वतःचं, असं म्हणायची. तिचा घोडा आठवतो का?

मामा : न आठवायला काय झालं? त्याचं नाव 'थांब'.

भाची : ती थांब थांब ओरडायची आणि घोडा चौखूर सुटायचा. हसून हसून पोट दुखायचं आपलं.

मामा : डाकूंना वाटायचं आपल्यालाच सांगतेय. जागच्या जागी उभे राहायचे. मीच उभे करायचो त्यांना, तिला जिंकता यावं म्हणून. ती जाऊन आठ महिने झाले. या घरात कुणी कुणाला थांब म्हटलेलं नाही.

भाची : मी आलेय ना.

मामा : तू येशील आणि जाशील. तुझा संसार आहे. चल, पुढचं विचार.

भाची : शस्त्र?

मामा : जुनं पिस्तूल.

भाची : गोळ्या किती?

मामा : बेचाळीस.

भाची : पिस्तुलात सहा मावतात, पट्ट्यात बारा. तुझ्याच नियमानं अठराच्या वर जाता येत नाही.

मामा : मग अठरा लिही.

भाची : तू बेचाळीस म्हणालास.

मामा : गेलं तोंडातून.

भाची : तोंडातून पन्नास जातात, शंभर जातात. बेचाळीस म्हणजे मोजलेल्या आहेत. कुठल्या गोळ्या, मामा?

मामा : खेळ चाललाय ना आपला?

भाची : नाही चालला. सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. तू त्यांना घराची किल्ली दिलीस.

मामा : शेजारधर्म आहे.

भाची : चाळीस वर्षं गावाला किल्ल्या करून दिल्यास आणि या घराची दुसरी किल्ली कधी केली नाहीस. मी मागितली तेव्हा म्हणालास, तुला कशाला, तू आलीस की मी उघडीनच. आणि काकूंना म्हणालास, उद्या दहा वाजता दार उघडून बघा. कोण असणार नव्हतं उद्या दार उघडायला? बसमध्ये कंडक्टर दोनदा तिकीट विचारून गेला, मला ऐकूच आलं नाही.

मामा : त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

भाची : नाही भिजत तेच बरं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ना? घेतल्या नाहीस, साठवल्यास.

मामा : दमलो गं मी. लोक घराबाहेर अडकले की मला बोलवायचे. बायकामुलांसकट जिन्यात बसून वाट बघायचे माझी. आता मी आत अडकलोय. आत अडकलेल्यानं कुणाला बोलवायचं?

भाची : मला.

मामा : काय सांगणार तुला?

भाची : हेच, आत्ता सांगितलंस तेच. मामा, मला नीट बोलता येत नाहीये. आई गेली तेव्हापासून माहेर म्हणून हे एकच दार आहे मला. मला भीती वाटतेय. सूत्रधारबित्रधार होता येत नाही मला, एकच नियम पाठ आहे.

मामा : कुठला?

भाची : वेशीवर फौजदार उभा असतो. गावात शिरायचं तर सगळ्या गोळ्या त्याच्याकडे जमा.

मामा : तुम्ही खानावळीत एकमेकांवर झाडायचात म्हणून केला होता तो.

भाची : मी वेशीवर उभी आहे. जमा कर.

मामा : आणि नाही केल्या तर?

भाची : तर इथनं हलत नाही. उद्या नाही, परवा नाही. नोकरी गेली तर गेली.

मामा : हट्टी आहेस.

भाची : मामावर गेलेय.

मामा : या टेबलाच्या खणात आहेत, पण तो तुला उघडायचा नाही. त्याचा खटका मलाच ठाऊक. सरक जरा.

(खण उघडतो. टेबलावर एक छोटी बाटली येते.)

मामा : मोजून घे. फौजदारानं मोजून घ्यायच्या असतात.

भाची : नाही मोजवणार मला. माझ्या पिशवीत टाकते.

मामा : गाव सोडताना परत मिळतात, असंही आहे वहीत.

भाची : ते मी आज खोडलं. आता डॉक्टरांना फोन लावते, संध्याकाळी दोघं जाऊ. मला सांगितलंस ते सगळं त्यांना सांगायचं, आत अडकल्याचंसुद्धा.

मामा : एवढं ऐकायला वेळ असतो होय त्यांना?

भाची : काढतील. मी दारात उभी राहीन. आणि रात्री मी इथेच झोपणार आहे, आजही आणि उद्याही. इथे रेंज येत नाही, जिन्यात जाऊन फोन करते. दार उघडंच ठेव.

मामा : थांब.

भाची : थांबले, मामा. कुठे जात नाहीये. ही बघ, इथेच आहे.

मामा : अगं, कागदावर लिही. घोड्याचं नाव सांगतोय.