हाकेला ओ

ऐका. जवळ सरका, पण कंदिलाची वात वाढवू नका, रॉकेल फुकट येत नाही.

पूर्वी आपल्या गावात दंडक होता. दिवेलागणीनंतर खाडीच्या बांधावर कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दिली की हडळ मागे लागलीच. धाकू पेडणेकर दंडक पाळणारा. एका संध्याकाळी बांधावरून येताना त्याला हाक आली, "धाकू, हात दे रे." आवाज ओळखीचा. शेजारची भागीरथीकाकी, ओहोटीला खाडीतले शिंपले, कालवं काढायची ती. पण धाकू पळाला, घरी येऊन पांघरुणात शिरला. सकाळी भरतीनं काकीचं प्रेत काठावर आणून टाकलं. संध्याकाळी चिखलात रुतली होती बिचारी.

धाकू कुणाला बोलला नाही. बांधाची वाटच सोडली त्यानं.

मग एका अवसेला त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मूल आडवं. सुईण खाडीपलीकडच्या वाडीत. लांबच्या रस्त्यानं गेलं तर उजाडणार. निघाला धाकू बांधावरून. बायको जाईल ही भीती मागून ढकलतेय, बांधाची भीती पाय धरतेय.

आधी कंदील विझला. वारा नाही, काही नाही. मग मागे ओली पावलं. पचक, पचक. हा थांबला की तीही थांबत. मग कानाशी आवाज, "धाकू, हात दे रे."

धाकू धावत सुटला. तर आवाज पुढून! आता पळणार कुठं? मटकन खाली बसला, रडायला लागला. म्हणाला, "ओ, काकी. त्या दिवशीही ऐकलं होतं मी. भ्यालो. मला ने, पण आधी सुईण घरी पोचू दे." आणि हात पुढे केला.

गार हातानं मनगट धरलं. ओढत नेलं चिखलातून, छातीपर्यंत पाण्यातून. धाकूला वाटलं, संपलं. तर पायाला कोरडी माती लागली. पलीकडचा काठ.

सुईणीला होडीतून आणताना तिच्या कंदिलाच्या उजेडात दिसलं. मघाशी धाकू जिथं बसला होता, तिथं पुढ्यातच बांध फुटला होता. तसाच धावला असता तर थेट खाडीत.

बायको वाचली, मुलगीही. लोक म्हणायचे, काकीनं माफ केलं. धाकू मनगटावरचे वळ बघत म्हणायचा, "तसं ती काही बोलली नाही." मरेपर्यंत त्यानं कालवं तोंडात घातली नाहीत.

तेव्हा पोरांनो, रात्री त्या बांधाला जाऊ नका. पण तिकडून हाक आली तर ओ द्या, दोर घ्या, चार माणसं उठवा. भूत असलं तर असू दे. माणूस असलं तर?