आईचा पार्ट यायचा आहे

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या मोठ्या ताई, त्यांच्या सहकारी शिक्षिका, पालकवर्ग, आणि पुढे सतरंजीवर बसून माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहणारे माझे बालमित्र, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मी जन्मभर बसस्थानकावर उद्घोषक होतो. माईक हाती आला की माझ्याकडून तो लवकर सुटत नाही, हे संयोजकांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी मला "आजोबा, थोडक्यात बरं का" असं जिन्यापासून इथपर्यंत बजावत आणलंय. प्रयत्न करतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या शिस्तीबद्दल, त्यांनी रंगवून घेतलेल्या भिंतींबद्दल फार सुंदर सांगितलं. त्यात मी काय भर घालणार? मी आपलं माझ्या घरातलं सांगतो. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांची परवानगी घेतली आहे. माझे जावई मागे त्या पंख्याखाली उभे आहेत. पंखा आवाज करतोय म्हणून उभे आहेत हो, माझ्या भाषणाने भारावून नव्हे. आणि माझी नात, जिला सगळे भिंगरी म्हणतात, ती म्हणाली, "सांगा आजोबा, पण लांबण लावू नका."

जावयांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, जे बिघडेल ते. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आधी कोणाच्या हातून पडलंय का?" आणि गिऱ्हाइकाचं उत्तरही ठरलेलं. "छे हो, आपोआप बंद पडलं!" मग उघडून बघावं तर आत निम्मा पेला पाणी. जे लगेच होत नाही ते फळीवर ठेवतात आणि त्यावर चिठ्ठी चिकटवतात, 'पार्ट यायचा आहे'. भिंगरी या दुकानात रांगायला शिकली. तिच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या. एक, बाबांनी दुरुस्त केलेल्या आणि दुसऱ्या, पार्ट यायची वाट बघत थांबलेल्या.

ती इथे बालवाडीत होती तेव्हा तिची आई मेली. म्हणजे माझी मुलगी मेली. मंडळी, हा शब्द ऐकून काही भुवया वर गेल्या, मला इथून दिसतायत. त्या शब्दाकडे मी येतोच. मुलीला हृदयाचा जुना आजार होता, तो बळावला आणि दवाखान्यातून आम्ही तिच्याशिवाय परत आलो. भिंगरीने बाबांना विचारलं, "डॉक्टरांनी आईला दुरुस्त का नाही केलं?" जावयांची अवस्था तुम्ही समजू शकता. त्या माणसाने आपल्या रोजच्या भाषेत उत्तर दिलं. "तिच्या हृदयाचा एक पार्ट खराब झाला होता, बाळा. नवा मिळाला नाही." आम्हा सगळ्यांना वाटलं, वा, किती सोपं करून सांगितलं.

आणि पोर शांत झाली! रडली नाही, हट्ट केला नाही. येणारा-जाणारा म्हणे, "किती समजूतदार आहे," कोणी म्हणे, "लहान आहे, विसरली." दुकानात कुरिअरवाला आला की मात्र हातातलं टाकून धावायची. खोकं उघडेपर्यंत शेजारी उभी राहायची, आत वाकून बघायची आणि पुन्हा आपल्या खेळाकडे जायची. आम्ही कौतुकाने हसायचो. बापाचा धंदा शिकतेय म्हणायचो.

मग एके दिवशी दुपारी ती जावयांच्या टेबलापाशी आली. तिचं एक चालणारं बदक होतं, आईने घेऊन दिलेलं, फार लाडकं. त्याचं पोट तिने उघडलं होतं. बापाच्याच स्क्रू-ड्रायव्हरने, नीट, एकही स्क्रू न हरवता. आतली बोटभर मोटर तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, ही चालू आहे. ही आईला बसव."

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. उभ्या आयुष्यात माझा आवाज कधी गेला नव्हता, त्या दुपारी गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ती मोटर खिशात घालून ताईंकडे आलो. मुलं घरी गेली होती. ताईंनी आम्हाला त्या छोट्या खुर्च्यांवर बसवलं. तुमच्यापैकी जे त्यांवर बसले असतील त्यांना ठाऊक आहे, गुडघे कानाला लागतात. सगळं ऐकून ताई "अरेरे" म्हणाल्या नाहीत. त्यांनी ती मोटर हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस भिंगरी आईसाठी काम करत होती, आणि आपल्याला वाटलं ती खेळतेय."

एवढासा जीव, आणि केवढं ओझं एकटीने उचललं होतं!

जावई म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकते ती." ताई म्हणाल्या, "मी सांगितलं तर पुढचे प्रश्न ती मला विचारेल. तिने तुम्हाला विचारायला हवं. तुम्ही घरी असता." आणि त्यांनी जावयांना चक्क सराव करायला लावला. "म्हणा, आई मेली. ती परत येणार नाही." मी मध्ये पडलो. सवयच ती. म्हटलं, "ताई, 'मेली' काय? माणसाने कसं, 'वारली' म्हणावं, 'देवाज्ञा झाली' म्हणावं." ताईंनी विचारलं, "आजोबा, भिंगरीला यातलं काय कळेल?" मी म्हटलं, "यातलं काहीच नाही." "मग तिला कळणारा शब्द वापरू या. तो आपल्याला बोचतो, हे खरंय."

जावयांच्या तोंडून तो शब्द फुटेना. पुन्हा पुन्हा म्हणायचे, "आई..." आणि थांबायचे. मला बघवेना. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी उठलो, तर ताई म्हणाल्या, "आजोबा, बसा ना. तुमची तर मुलगी होती ती." लोकांनी मला धीर दिला होता, जावयांना सांभाळा, नातीला सांभाळा असं सांगितलं होतं. पण तुमची मुलगी होती, असं मला त्या दिवसापर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. मी बसलो आणि त्या वीतभर खुर्चीवर मीच आधी म्हणालो, "माझी मुलगी मेली." मग आम्ही दोघेही रडलो. ताईंनी आम्हाला रडू दिलं. "रडू आलं तर तिच्यासमोरही रडा," एवढंच म्हणाल्या. "नाहीतर तिला वाटेल, या घरात रडायचं नसतं."

अध्यक्ष महोदया, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. थोडंच राहिलंय.

सुट्टीचा दिवस होता. दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं. ताईही आल्या आणि एका कोपऱ्यात स्टुलावर बसल्या. जावयांनी भिंगरीला काउंटरवर बसवलं आणि सांगितलं. "आई मेली. ती परत येणार नाही. मी पार्ट म्हणालो ते चुकीचं होतं."

"पार्ट आला तरी?"

"आला तरी नाही."

"नवा कोरा आला तरी?"

"तरी नाही, बाळा."

तिने फळीवरच्या मिक्सरांकडे बघितलं. मग विचारलं, तिला भूक लागते का? दुखतं का? जावई म्हणाले, नाही, मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, काही दुखत नाही. "तू पण मरशील?" या प्रश्नासाठी ताईंनी तयारी करून घेतली होती. जावई म्हणाले, "सगळेच कधीतरी मरतात. मी खूप म्हातारा होईपर्यंत जगेन असं मला वाटतं. पण तू एकटी कधीच पडणार नाहीस. आजोबा आहेत, मावशी आहे." मला वाटलं, सुटलो, झालं.

तेवढ्यात ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "कोणाच्या हातून?"

माझ्या लक्षात आलं नाही. जावयांच्या मात्र लगेच आलं, त्यांचाच प्रश्न होता तो, रोजचा. ते म्हणाले, "कोणाच्याही हातून नाही. आपोआप."

"सगळे तसंच सांगतात," ती म्हणाली. "मी आईच्या अंगावर उडी मारली होती. पलंगावरून. आई म्हणाली, हळू गं."

मंडळी, हे तिच्या पोटात होतं. पहिल्या दिवसापासून. हसत होती, खेळत होती, कुरिअरच्या मागे धावत होती, आणि आत हे होतं. आपल्या हातून आई बिघडली, तेव्हा आपणच पार्ट आणून द्यायचा. स्वतःचं बदक फोडून द्यायचं. मी पुष्कळ मोठमोठी माणसं पाहिली, अशी जबाबदारी घेणारं एकही पाहिलं नाही.

जावयांनी तिला उचलून छातीशी धरलं. म्हणाले, "आईचा आजार तुझ्या जन्माच्याही आधीचा होता. तू उडी मारल्याने आई मरत नाही. तू रागावल्याने मरत नाही. तू काहीही केलं असतंस तरी तुझ्यामुळे मरत नाही." तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांचं एकदम. मग डोळे पुसले, बदकाची मोटर परत मागून घेतली आणि शटरखालून वाकून बाहेर दोरीच्या उड्या मारायला गेली! ताई म्हणाल्या, "जाऊ द्या. पुन्हा येईल, पुन्हा हेच विचारेल. दरवेळी हेच उत्तर द्या. उत्तर बदललं की तिला वाटेल, पार्ट मिळतोय." आली. जेवताना आली, अंघोळ करताना आली, पुढे कितीतरी दिवस येत राहिली. आम्ही तेच उत्तर देत राहिलो.

आता ती मोठ्या शाळेत आहे. गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या घरातल्या लहान मुलीचे वडील रस्त्यावरच्या अपघातात दगावले. घर माणसांनी भरलं होतं. आम्ही मोठी माणसं दारात घुटमळत होतो. ती मुलगी चपलांच्या ढिगाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. भिंगरीला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही शिकवून पाठवलं नव्हतं. ती आली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं. म्हणाली, "तुझे बाबा मेले. ते आता परत येणार नाहीत. आणि ते तुझ्यामुळे मेले नाहीत."

त्या मुलीने मान वर केली. म्हणाली, "मी त्यांना फोनवर लवकर या म्हटलं होतं."

भिंगरी म्हणाली, "तरी नाही."

ताई, तुमच्या कार्याचा गौरव करायला मला इथे बोलावलं होतं. मी तो केला की नाही, मला कळत नाही. आपण सर्वांनी एका म्हाताऱ्याचं इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, आपले ऋण मानतो. वेळ जास्त घेतला असेल, एखादा शब्द कानाला खटकला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.