दोन बोटांपुरती ट्यूब

(कळंबजवळचं एक गाव. सोयाबीन घरात आलेलं, कापूस अजून झाडावर. घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी, सून अपेक्षा मोबाइल धरून उभी आहे. साऱ्या घरात रेंज येते ती इथेच. सासरे वामनराव टाकीला हात टेकून, पाय फाकवून उभे.)

अपेक्षा : बसा नं मामाजी. परवापासून पाहून राह्यली मी, तुमी बसतच नाही. जेवले तेबी उभ्यानंच.

वामनराव : कंबर धरली. फवारणीचा पंप पाठीवर असते, धरंनच ते.

अपेक्षा : अन् आईची बी कंबरच धरली का? त्या तं उठूनच नाही राह्यल्या. अंगात ताप हाये. कपाळाले हात लावला तं म्हणे, सरक, मले काही झालं नाही.

वामनराव : म्हणून तं म्हटलं, लाव फोन. लॉकडाऊनपासून तुमचं सगळं फोनवरच. तापाची गोळी सांगा म्हणा, बाकी काही इचारू नोका.

अपेक्षा : डॉक्टरले कोणी असं सांगते का? ... थांबा, लागला. नमस्कार डॉक्टर.

डॉक्टर : नमस्कार. पेशंट कोण आहे?

अपेक्षा : माझ्या सासूबाई, विमलताई. पण त्या खाली झोपून आहेत, अन् रेंज वरच येते. म्हणून मामाजी सांगतात. स्पीकरवर टाकते, त्यांना कमी ऐकू येते.

वामनराव : स्पीकर कायले? बाजूच्या स्लॅबवर बेबीताई सोयाबीन वाळवून राह्यली.

अपेक्षा : गेली ती खाली. बोला तुमी.

वामनराव : त्या दिवशीचे साहेब नाहीत का वो?

डॉक्टर : ते आज नाहीत, मी आहे. पण मागच्या कॉलची नोंद माझ्यासमोर आहे. वामनराव, वय एकोणसाठ. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशीचा संसर्ग. मलम दिलं होतं. बरं वाटलं का काका?

वामनराव : पायाचं बरं झालं.

डॉक्टर : छान. आणि काकूंना काय होतंय?

वामनराव : ताप हाये. कालपासून.

डॉक्टर : खोकला? लघवीला जळजळ? कुठे काही लागलंय, जखम वगैरे?

वामनराव : जखम नाही म्हणता येत. कातडं गेलं.

अपेक्षा : कातडं? कुठचं कातडं, मामाजी?

वामनराव : तू असं कर, फोन मायाजवळ दे अन् खाली तिच्यापाशी जाय.

अपेक्षा : मागच्या खेपेले दिलता नं तुमच्या हाती. लाल बटन दाबलं अन् डॉक्टर गेले. पुन्हा नंबर लागाले दीड घंटा लागला. मीच धरते.

डॉक्टर : काका, कातडं कुठलं गेलं?

वामनराव : ...जांघेतलं.

डॉक्टर : कशानं?

वामनराव : मॅडम, तुमी माया पोरीच्या वयाच्या असान. इथं सून उभी हाये. मले लाज वाटून राह्यली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणते, ते काही उगीच नाही म्हणत.

डॉक्टर : मुठीचं ठीक आहे काका. जखम झाकून ठेवली तर सडते. लाज वाटू द्या, पण बोला.

वामनराव : ...खाज पयले मले लागली. दोन सालापासून हाये. ही बोंडअळी आल्यापासून फवारा काही सुटत नाही. पंप गळते, पॅन्ट ओली होते, अन् दिवसभर तेच ओलं अंगावर. तिथूनच धरली. मंग विमलले लागली. मायामुळंच. त्या दिवशी साहेबानं इचारलं, कुठं खाजवते, तवा ही अशीच फोन धरून उभी होती. काय सांगू मी? पायाच्या चिखल्या दाखवल्या.

अपेक्षा : म्हणजे पायाचं नोतंच?

वामनराव : पायाचं बी होतं. खोटं नाही सांगतलं मी. अर्धं सांगतलं.

डॉक्टर : मग ते मलम?

वामनराव : माया पोरानं, गोपालनं आणलं नं, लोहाऱ्याच्या कंपनीतून ड्युटीवरून येताना. पण साहेबानं लिहून देलती दोन बोटांपुरती ट्यूब. आमी दोघांनी लावली, तीन दिवसांत सरली. आराम बी पडला होता, तुमच्या औषधाले नाव नाही ठेवत मी. पण दुसरी कोणाले मांगू? पोराले मांगतली असती तं तो म्हणाला असता, बाबा, दोन बोटांले एवढी ट्यूब कशी लागली?

अपेक्षा : म्हणालेच असते. हसले बी असते.

वामनराव : हसला असता तं बरं झालं असतं, माय.

डॉक्टर : काका, मलम संपल्यावर काय लावलं?

वामनराव : साहेब म्हणाले होते, बुरशी हाये. बुरशीचं औषध घरात होतं.

डॉक्टर : कोणतं?

वामनराव : सोयाबीनच्या बियाण्याले चोळतो ते. पावडर.

अपेक्षा : ते? माळ्यावरचं?

वामनराव : तेच. मॅडम, इतके वर्सं झाले, पेरणीच्या टायमाले अर्धं गाव मलेच इचारते, किलोले किती घ्याचं, कसं चोळाचं. बुरशी जमिनीतली काय अन् अंगातली काय, मराले पायजे. खोबऱ्याच्या तेलात कालवलं. पयले मी लावलं. आग झाली. म्हटलं, लागते तेच गुण देते. मंग तिले लावलं.

डॉक्टर : त्यांनी स्वतः लावलं?

वामनराव : नाही. ती नोको म्हणे. म्हणे, इतके दिवस सहन केली, अजून करीन. मी म्हटलं, तुले काय समजते त्यातलं. मायाच हातानं लावलं मी. तिनं पदर तोंडात कोंबला, पण आवाज नाही केला.

अपेक्षा : परवा दुपारी? मी अंगणात भांडे घासून राह्यलती तवा?

वामनराव : तू होती म्हणूनच नाही केला.

अपेक्षा : मले बकेटभर पाणी मांगतलं त्यांनी. मी म्हटलं, आई, आता आंघोळ काहून? तं म्हणे, गरम होऊन राह्यलं. अन् मी हसली. मी हसली, मामाजी.

वामनराव : काल सकाळी पाह्यलं तं पातळाले कातडं चिकटेल होतं. माणसानं जनावराले बी असं नाही करत. चाळीस वर्सांचा संसार हाये आमचा.

डॉक्टर : उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही?

अपेक्षा : नाही, डॉक्टर. फक्त ताप. अन् पाणी प्यायला पण उठत नाहीत.

डॉक्टर : ऐका आता. हे फोनवर बरं होण्यासारखं नाही. आज, आत्ताच, दोघांनीही कळंबच्या दवाखान्यात जायचं. आधी साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, हळुवार, घासू नका. वरून काही लावायचं नाही, हळद नाही, तूप नाही. आणि त्या पावडरचं पुडकं पिशवीत घालून सोबत न्या. त्यांना नाव वाचता आलं पाहिजे.

वामनराव : तिथं बी हे सारं सांगा लागंन का?

डॉक्टर : मी चिठ्ठी पाठवते मोबाइलवर, सगळं लिहून. तुम्ही फक्त दाखवा.

वामनराव : मंग त्यात असं लिहा मॅडम, का ह्यानं लावलं. तिनं नाही लावलं. दवाखान्यात सारे बाईलेच रागावतात, काय लावून घेतलं म्हणून.

डॉक्टर : लिहिते, काका.

वामनराव : मी खेमसिंगचा आटो पाहतो. घरीच असंन तो आता.

डॉक्टर : एक मिनिट. ही खाज टॉवेलमधून, एकत्र धुतलेल्या कपड्यांतून पसरते. घरात आणखी कोणाला आहे का? मागच्या वेळीही विचारलेलं दिसतंय. उत्तर 'नाही' लिहिलंय.

वामनराव : नाही वो, बाकी कोणाले...

अपेक्षा : ते 'नाही' मी सांगतलं होतं.

डॉक्टर : अपेक्षा?

अपेक्षा : मलाही आहे, डॉक्टर, पोळ्यापासून. मिस्टरांनाही नाही सांगतलं. म्हणतील, कुठून आणली.

वामनराव : अन् तू काय लावून राह्यली?

अपेक्षा : काहीच नाही, मामाजी. पण बुरशी हाये हे मी बी ऐकलं होतं त्या दिवशी. माळ्यावर काय ठेवलं ते मले बी ठाऊक हाये. काल शिडी लावलती मी. बेबीताईनं हाक मारली म्हणून उतरली.

(वामनराव टाकीवरचा हात काढून जिन्याकडे वळतात.)

डॉक्टर : काका? आहात ना?

वामनराव : हाओ, हाये. मॅडम, तुमी ठेवू नोका फोन. अपेक्षा, मी खाली जातो. जिन्याचं दार ओढून घेतो, कोणाले वर येऊ देत नाही. तू बोल माय. जिथं हाये, तिथंच हाये म्हणून सांग.