इर्जिकीचं आवतान

पौडच्या स्टँडवर पुण्याची गाडी काही येईना. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी, जाईबाई, आणि तिची भाची कमळ बोलत बसल्या होत्या.

"मावशे, तुमच्या वाडीच्या विहिरीला परदेशातल्या संस्थेचा पैसा यायचा, त्यो बंद झाला म्हनं?"

"बंद न्हाई, कमी झाला. तिकडं त्यांच्याच गिरण्या बंद पडल्यात. त्यांची बाई सोता सांगाया आली. मोडकंतोडकं मराठी येतंय तिला. लई ओशाळली व्हती."

"मग विहीर राह्यली अर्धी?"

"राहतीया कशी? इर्जिक घातली. ज्याचं काम त्यानं जेवान घालायचं, बाकीच्यांनी फुकट राबायचं. समदी वाडी कामाला लागली. बाईबी घमेलं घिऊन उतरली."

"गोरी बाई?"

"हाताला फोड आलं तिच्या. मग आमच्या पंगतीत बसून नाचणीची भाकर खाल्ली."

"आन् त्यांच्या संस्थेच्या नावाची पाटी लावायची व्हती न्हवं?"

"मी म्हनलं, इर्जिकीला कुनी नाव लावतं व्हय? आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या. तिनं पाटी गाडीतच ठिवली."

"रागावली?"

"न्हाई गं. जाताना हात धरला आन् इचारलं, आता आमी तुमच्यासाठी काय करावं?"

"तू काय म्हनलीस?"

गाडी आली. जाईबाईनं पदर खोचला आणि दांडी धरली.

"म्हनलं, बाई, तू आमच्या इर्जिकीला आलीस. आता तुझ्या गावात काम निघालं की सांगावा धाड. आमी समद्या येऊ. जेवान मातुर तुझ्याकडं."