तापल्यावर सुटणारा क्लच

(देगलूरमधलं नासिरभाईंचं गॅरेज. मोठी मोटारसायकल मधोमध लावलेली, इंजिन अजून गरम. आरती गाडीपाशी, तिचा नवरा सुदर्शन दाराशी.)

नासिर : म्हणजे प्लेटा दोनदा बदलल्या, तरी क्लच घसरूनच राहिला.

आरती : हाव. एकदा उदगीरला, एकदा लातूरला. दोघांनीही खात्री दिली होती. थोडं अंतर बरी चालते, मग पुन्हा तेच. इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही.

सुदर्शन : नासिरभाई, उगं येळ घालवू नका. इकायची हाय. तुमच्याकडं गिऱ्हाईक हाय का, एवढंच इचारायला आलो मी.

आरती : मी त्यासाठी नाही आले. हिला झालंय काय ते आधी कळू द्या. विकायचं मग बघू.

नासिर : भाऊ, ही बिमारी तशीच ठेवून इकली तर घेणारा पडंल. झालं काय, ते सांगा.

सुदर्शन : तिलाच इचारा.

आरती : दिवाळीनंतरची गोष्ट. लातूरहून देवणीला येत होतो, मी मागं बसलेली. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या लावलेला. रस्ता मोकळा बघून यांनी गाडी बाहेर काढली. निम्म्यात गेलो आणि तिनं ओढायचंच सोडलं. समोरून जीप आली. आता मागं सरायलाही जागा नव्हती, म्हणून यांनी गाडी पलीकडच्या रानात घातली. माझं मनगट मोडलं. यांना खरचटलं फक्त.

सुदर्शन : तेच तर. मला खरचटलं.

आरती : दवाखान्यात सगळे हेच बोलत होते, की जीप बघून हा घाबरला, गॅस सोडला. सासरेही तेच म्हणाले. तेव्हापासून यांनी गाडीला हात लावलेला नाही. आजसुद्धा गाडी मी आणली. हे जीपनं आले.

सुदर्शन : सुटला असंल गॅस. मला आठवत न्हाई.

आरती : मला आठवतंय. इंजिन इतकं ओरडत होतं, गॅस सुटलेला असता तर ओरडलं असतं का? मी किती वेळा सांगितलं. यांचाच विश्वास बसत नाही.

नासिर : डॉक्टरबाई, तुम्ही इथपर्यंत चालवली ना. लिव्हर दाबताना हाताला काय जाणवलं?

आरती : मी जनावरांची डॉक्टर. ताप कधी चढतो, हे मी आधी विचारते. हिचंही तसंच बघत आले. देवणीतून निघाले तेव्हा लिव्हर निम्मी दाबल्यावर क्लच सुटत होता. उदगीर मागं पडलं आणि नुसतं बोट टेकवलं तरी सुटायला लागला. घसरायला लागली ती तिथूनच.

नासिर : मग प्लेटांचं काम न्हाई हे. प्लेट घासली तर गार असताना बी घसरंल. थांबा, गरम हाय तोवर बघू. या गाडीला केबल न्हाई, तेलाच्या दाबावर क्लच सुटतो. हा खालचा नट थोडा ढिला करतो. बघा.

आरती : पिचकारी उडाली. लिव्हरला तर कुणी हात लावला नाही.

नासिर : कुणी दाबली न्हाई, तरी आत दाब होता. तेल फडक्यानं पुसलं, नट आवळला. आता पुलापर्यंत जाऊन या. चढ लागला की गॅस पिळा.

(आरती पुलापर्यंत जाऊन परत येते.)

आरती : ओढते. पहिल्यासारखी ओढते. काहीच केलं नाही तुम्ही, नुसता दाब काढला.

नासिर : तापली की पुन्हा घसरंल. लिव्हर सोडली की तेल वर या डबीत वापस यायला पाहिजे. त्याला एक बारीक छेद असतो, तो झाकलेला हाय. इंजिन तापतं, तेल फुगतं, जायला जागा न्हाई. मग तेच क्लचला दाबून धरतं. ही लिव्हर गाडीची न्हाई वाटतं?

सुदर्शन : न्हाई. मी बसवली, घरीच. पहिली लांब होती. हिची बोटं पोचत नव्हती. हिला गाडी शिकायची होती.

नासिर : या लिव्हरचं आतलं टोक जरा लांब हाय. लिव्हर सोडलेली असली तरी डबीखालच्या पिस्टनला रेटूनच ठेवतंय. म्हणून छेद उघडत न्हाई.

सुदर्शन : म्हंजे माझ्याच हातानं झालं.

आरती : माझ्यासाठी बसवली होती. ते मला माहीत होतं, आणि मीही कधी बघितलं नाही. पण गॅस तुमच्या हातून सुटला नव्हता. हे आज तुम्हालाही कळलं. बाकीचं दुरुस्त होतं.

सुदर्शन : नासिरभाई, जुनी लिव्हर घरी हाय. ती बसवू.

आरती : जुनी नको. मला चालवायची आहे. हीच नीट बसवा.

नासिर : टोक किंचित घासलं की झालं. थोडा खेळ पाहिजे, लिव्हर जराशी मोकळी हलली पाहिजे, बस.

सुदर्शन : कानस द्या इकडं. तुम्ही सांगा किती, घासतो मी.

नासिर : घ्या. हळू. लावून बघा. अजून जरा. हां. आता डबीचं झाकण काढतो. बाई, तेलावर नजर ठेवा. भाऊ, लिव्हर दाबा, सोडा.

आरती : बारीक कारंजं उठलं.

नासिर : छेद उघडला. आता लांबवर पळवून चांगली तापवा. खेळ तसाच राहिला तर काम झालं. मी येऊ चालवायला?

सुदर्शन : न्हाई. मी चालवतो. आरती, तू...

आरती : बसते मागं. कुठपर्यंत जायचं?

सुदर्शन : उदगीरच्या अलीकडं तो चढ हाय ना, तिथपर्यंत. नीट ओढली तर वापस कशाला यायचं, तसंच घरी जाऊ.